मिशिगनमध्ये बोट घेताना: १६ फुटी की १८ फुटी?

ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्सकडचं कुटुंब अ‍ॅल्युमिनियमची मोटरबोट बघायला गेलं, की विक्रेता आधी १६ फुटी दाखवतो आणि लगेच १८ फुटीत बसवतो. ‘दोनच फूट जास्त!’ त्या दोन फुटांचे पैसे तुम्ही दरवर्षी भरणार आहात. म्हणून आधी गाडी आणि गॅरेज तपासा.

इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर धरून १६ फुटीचं वजन साधारण २,२०० ते २,५०० पौंड, १८ फुटीचं ३,२०० च्या पुढे. होंडा सीआर-व्ही १,५०० पौंड ओढते, म्हणजे दोन्ही बोटी बाद. सिएना, ओडिसी ३,५०० पर्यंत. त्यांच्यामागे १६ फुटी निवांत जाते. १८ फुटीत कूलर आणि सामान पडलं की काटा मर्यादेला टेकतो. गाडीला हिच आणि वायरिंग नसेल तर तो खर्च वेगळा.

गॅरेजची लांबी टेपनं मोजा. बहुतेक गॅरेज २० ते २२ फूट खोल असतात. ट्रेलरवरची १६ फुटी बोट जेमतेम मावते, १८ फुटीला दुमडणारा दांडा असलेला ट्रेलर मागावा लागतो, तरी खात्री नाही. ड्राइव्हवेत बोट ठेवायला तुमच्या सोसायटीची परवानगी आहे का, तेही आधीच विचारा. नसेल तर हिवाळ्यात बाहेर जागा भाड्यानं घ्या. तिथलं भाडं, प्लास्टिकचं आवरण, धक्क्यावरची जागा, सगळ्याचा हिशेब बहुधा फुटावर.

नवी १६ फुटी इंजिन-ट्रेलरसह साधारण ३० हजार डॉलरपासून, १८ फुटी त्याहून १०-१५ हजारांनी महाग. पाटीवरच्या आकड्यावर जाऊ नका. वाहतूक, ‘प्रेप’, इंजिन बसवणं, कागदपत्रं, ट्रेलरचे ब्रेक, सुटं चाक, ६ टक्के विक्रीकर हे सगळं धरून अंतिम रक्कम लेखी घ्या. हप्ता कमी दिसावा म्हणून कर्ज १५-२० वर्षांचं करून देतात; एकूण व्याज विचारा. पाटीवरची किंमत कमी दिसावी म्हणून लहान इंजिन लावलेली बोट घेऊ नका. पाच माणसं बसली की ती उठतच नाही.

सरकारी फीमध्ये मात्र फरक नाही. १६ ते २१ फुटांच्या आतल्या बोटीची नोंदणी तीन वर्षांना ४२ डॉलर. ट्रेलरची प्लेट कायमची. रिकामा ट्रेलर २,५०० पौंडांच्या आत असेल तर ७५ डॉलर. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या शाखेत ओळखपत्र आणि खरेदीची पावती न्या. जुनी बोट असेल तर विक्रेत्यानं सही केलेली नोंदणीही. १ जुलै १९९६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यानं बोट चालवायची तर सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवं, सहा वर्षांखालच्या मुलानं उघड्या डेकवर ते घालूनच बसायचं. १६ फुटांपासून पुढे पाण्यात फेकायचं एक तरंगतं साधनही सक्तीचं. ग्रेट लेक्सवर जाणार असाल तर संकटाचे सिग्नलही ठेवा.

किती माणसं बसतील हे विक्रेत्याला विचारू नका, बोटीवरची कपॅसिटी प्लेट वाचा. तिच्यावर माणसं आणि वजन दोन्हींची मर्यादा लिहिलेली असते.

चौघांचं कुटुंब, सिएना आणि कॅस लेकसारखी आतली तळी असतील तर १६ फुटीच घ्या. उन्हाळ्यात पुण्याहून आजी-आजोबा येणार असतील, किंवा लेक सेंट क्लेअरच्या आखूड, उभ्या लाटांवर जायचं असेल, तर १८ फुटी. पण मग ५,००० पौंड ओढणारी गाडी हवी.

जुनी घेणार असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाव करा. हिवाळ्याच्या साठवणीचा खर्च टाळायला विकणारा नमतं घेतो. ट्रान्समवर, म्हणजे इंजिन लावतात त्या मागच्या भिंतीवर, मूठ आपटून बघा: आतलं लाकूड कुजलं असेल तर आवाज बोदा येतो. रिव्हेटमधून पाणी झिरपतं का ते पाण्यात उतरवूनच कळतं. पाण्यावर फेरी मारू देत नसेल तर दुसरी बोट बघा.