पत्र आले की आधी छातीचा एक्स-रे



लंडन, एडिंबरा, बर्लिन इथल्या विद्यापीठांची प्रवेशपत्रे आता आपल्या वस्त्यांतल्या घरांतही येऊ लागली आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आपल्या मुलामुलींसाठी आहे, केंद्र सरकारचीही आहे. पत्र आले की पेढे वाटले जातात आणि मग उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, जामीनदार यांच्यामागे सगळे घर धावू लागते. शरीराची तयारी मात्र शेवटच्या आठवड्यावर राहते. आम्ही सांगतो ते उलटे आहे. दाखल्यावर सही लवकर मिळवता येते, बेडक्याच्या कल्चरचा रिपोर्ट कुणाच्या ओळखीने लवकर येत नाही.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना व्हिसाच्या अर्जासोबत टीबी नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते ब्रिटन सरकारने मान्यता दिलेल्या केंद्राचेच चालते. सिव्हिल हॉस्पिटलचे किंवा ओळखीच्या डॉक्टरांचे पत्र तिथे उपयोगाचे नाही. केंद्रात छातीचा एक्स-रे काढतात. तो स्वच्छ असला तर काम झाले, प्रमाणपत्र सहा महिने चालते. एक्स-रेवर डाग दिसला तर ओळीने तीन दिवस बेडका तपासायला घेतात. (बेडका म्हणजे खोल खोकून काढलेला कफ. तोंडातली लाळ दिली तर नमुना वाया जातो.) या नमुन्याचे कल्चर करतात, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहतात. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून या तपासणीला दोन महिने लागू शकतात. सप्टेंबरला वर्ग सुरू होणार आणि ऑगस्टमध्ये एक्स-रे काढला, तर हे दोन महिने आणायचे कुठून?

आपल्या घरांत हा प्रश्न जास्त येतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, एकच खिडकी, शेजारी कुणाला तरी खोकला. लहानपणी टीबी होऊन पूर्ण बरा झाला असला तरी फुप्फुसावर व्रण राहू शकतो आणि एक्स-रेवर तो दिसतो. व्रण दिसला म्हणजे आजार आहे असे नाही, पण तपासणी वाढते. अशा वेळी जुन्या उपचाराचे कार्ड, जुना एक्स-रे, कोर्स पूर्ण झाल्याची नोंद जवळ असेल तर डॉक्टरांना जुन्या-नव्याची तुलना करता येते. कार्ड हरवले असेल तर जिथे औषध घेतले त्या क्षयरोग केंद्रात जाऊन नोंद काढून घ्या.

“घरात टीबी होता हे सांगितले तर व्हिसा मिळणार नाही,” असे आया आमच्या कानात सांगतात. हे खरे नाही. बरा झालेला टीबी व्हिसाच्या आड येत नाही. लपवलेली गोष्ट एक्स-रेवर दिसली तर मात्र पंचाईत होते. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे यांपैकी काहीही असेल तर प्रवेशपत्राचीही वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे, औषधही फुकट आहे. टीबी निघालाच तर साधा कोर्स सहा महिन्यांचा असतो. तो पुरा करून पुन्हा तपासणी होते. दरम्यान प्रवेश पुढच्या वर्षावर टाकावा, अशी विनंती विद्यापीठाला करता येते.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले. पैशाअभावी वर्षे जातात ती आपण जाणतो. एक्स-रे उशिरा काढला म्हणून कुणाचे वर्ष जाऊ नये.

जर्मनीच्या व्हिसासाठी टीबीचे हे प्रमाणपत्र लागत नाही. तिथे अडते ते विम्यावर. आरोग्य विमा नसेल तर विद्यापीठात नाव नोंदवत नाहीत. तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्यांना तिथला सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो आणि त्यात जुने आजारही धरले जातात. स्वस्त दिसतो म्हणून खाजगी विमा घेऊन ठेवला, तर शिक्षण संपेपर्यंत पुन्हा सार्वजनिक विम्यात येणे अवघड होते. ब्रिटनमध्ये विम्याऐवजी आरोग्य अधिभार व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावा लागतो. विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या एम.ए.चा व्हिसा वर्षाहून थोडा जास्त मिळतो, म्हणून एकूण ११६४ पौंड होतात. ही रक्कम एकदम लागते, घरात आधीच माहीत असावी.

आता विदर्भातल्या घरांसाठी. आपल्या समाजात सिकलसेल आढळतो. पिवळे कार्ड असलेला वाहक असतो, त्याने घाबरायचे कारण नाही. लाल कार्ड असलेल्या मुलामुलींनीही शिकायला जावे, पण थंडी, कमी पाणी आणि अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येतो हे ओळखून जावे. हिमोग्लोबिनच्या तपासणीचा रिपोर्ट, चालू औषधांची इंग्रजी चिठ्ठी आणि न्यूमोनियाची लस, एवढे इथूनच करून न्या. विमानात बसायच्या आधी डॉक्टरांना विचारा, प्रवासात पाणी पीत राहा. ब्रिटनमध्ये आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाचे लोक बरेच असल्याने तिथल्या डॉक्टरांना हा आजार नवा नाही.

दात इथेच दुरुस्त करून घ्या. तिकडे दाताचा खर्च वेगळा पडतो आणि वेळही लवकर मिळत नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे काम थोडक्यात होते. चष्म्याचे दोन जोड न्या. मुलींनी हिमोग्लोबिन तपासावे. कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना दोन-तीन महिने लागतात, आदल्या दिवशी बीट खाऊन ते वाढत नाही. आज तेविशी-चोविशीत असलेल्यांना लहानपणी सरकारी लसीकरणात गोवराचा बहुधा एकच डोस मिळाला आहे आणि राष्ट्रीय कार्यक्रमात गालगुंडाची लस नाहीच. वसतिगृहांत हे दोन्ही आजार पसरतात. एमएमआर लसीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावेत.

औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. ट्रामाडॉल, कोडीनसारखी औषधे ब्रिटनमध्ये नियंत्रित आहेत, त्यांना डॉक्टरांचे पत्र हवेच. वैद्याच्या पुड्या कागदात बांधून नेऊ नका, त्यावर नाव नसते. आणि इथल्यासारखी अँटिबायोटिकची स्ट्रिप मेडिकलमधून मागून मिळेल, ही आशा सोडा.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवायचे. ब्रिटनमध्ये हे फुकट असते. आजारी पडल्यावर नोंदवू म्हणणारे तापात रांगेत उभे राहतात. गर्भनिरोधक साधनेही तिथे फुकट मिळतात. घरात हे बोलले जात नाही, म्हणून आम्ही लिहितो. डिसेंबरात लंडनला चारच्या आधी अंधार पडतो. हिवाळ्यात ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट घ्यावे, असा तिथल्या सरकारचाच सल्ला आहे. इथे मिळणारी साठ हजार युनिटची पुडी त्याऐवजी मनाने घेऊ नये.

अंधार, एकटेपणा, शिष्यवृत्तीचा हप्ता लांबणे यांनी मन खचते. त्यात एखादा देशी सहनिवासी पहिल्या दिवशीच आडनाव विचारतो आणि दुसऱ्या दिवसापासून वेगळा वागतो. हा त्रास मुले फोनवर आईला सांगत नाहीत. विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांचे पैसे पडत नाहीत. झोप उडाली, जेवण सुटले, वर्गात जावेसे वाटेना, तर त्यांच्याकडे जायचे. घरच्यांनी फोनवर “पैसे पुरतात का?” याच्या आधी “जेवलास का? झोपलीस का?” एवढे विचारावे, आणि उत्तर ऐकताना आवाजाकडे लक्ष द्यावे.

युरोपभर तातडीच्या मदतीचा नंबर ११२. ब्रिटनमध्ये ९९९ सुद्धा चालतो, आणि तातडीचे नसेल पण डॉक्टरांचा सल्ला हवा असेल तर १११. निघण्याआधी मुलांच्या मोबाईलमध्ये घाला, एका कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटातही ठेवा.