एच-इंडेक्स ५ असेल तर गाईड बदलावा का?

प्रश्न : आमच्या ओळखीच्या रसायनशास्त्राच्या सरांचं नाव 'जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञां'च्या यादीत आलं. पेपरात फोटो आला, चौकात बॅनर लागलं. त्यांचा एच-इंडेक्स २८ आहे म्हणे. माझ्या मुलीच्या पीएचडीच्या गाईड गणिताच्या आहेत, त्यांचा मात्र ५. मुलीनं गाईड बदलावा का?
– एक पालक, लातूर

उत्तर : एवढ्या कारणासाठी मुळीच बदलू नये. सरांचं अभिनंदन जरूर करा, पण त्यांचा आकडा मॅडमच्या आकड्याशेजारी ठेवू नका.

आधी एच-इंडेक्स काढायचा कसा ते पाहू. एखाद्याचे शोधनिबंध इतरांनी किती वेळा संदर्भाला घेतले, म्हणजे त्यांना किती सायटेशन मिळाली, ते उतरत्या क्रमाने लिहा : ४०, २२, १५, ९, ६, ५, ३. पाचव्या निबंधाला ६ सायटेशन आहेत, म्हणजे पाचाहून कमी नाहीत. सहाव्याला ५च आहेत, सहा भरत नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ५. आता दुसऱ्या कुणाचे आकडे २०००, ५, ५, ५, ५ असे असतील, तर त्याचाही एच-इंडेक्स ५च! २००५ साली ही रीत मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनीच तेव्हा बजावलं होतं की विषयागणिक हे आकडे वेगळे पडतात.

ते का पडतात? रसायनशास्त्रात एका प्रयोगशाळेतले पाच-सहा जण मिळून वर्षाला अनेक निबंध काढतात आणि प्रत्येकाखाली संदर्भांची लांबलचक यादी असते. गणितात एकेका सिद्धतेला वर्षं जातात, लेखक एक-दोन, संदर्भ मोजके. जिथे मुळात संदर्भच थोडे दिले जातात, तिथे वाट्याला येणारही थोडेच. उलट, जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला निबंध आहे ऑलिव्हर लॉरी यांचा, १९५१चा. विषय काय, तर द्रावणातलं प्रथिन मोजण्याची पद्धत. प्रयोगशाळेत ती रोज लागते, म्हणून तीन लाखांहून अधिक वेळा तिचा उल्लेख झाला. लॉरी स्वतः त्याला आपलं थोर काम मानत नव्हते.

बॅनरवरची यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी 'स्कोपस' या शोधनिबंधांच्या माहितीसंचावरून तयार करतात. तो पुरस्कार नव्हे. त्यासाठी अर्ज नाही, निवड समिती नाही, फक्त आकडेमोड आहे. त्यात विषयांचे १७४ पोटविभाग केलेले असतात आणि याद्याही दोन असतात : संपूर्ण कारकिर्दीची वेगळी, एकाच वर्षाची वेगळी. बातमीत हा फरक क्वचितच सांगितलेला दिसतो. ही फाईल कुणालाही मोफत उतरवून घेता येते. त्यात पोटविभाग आणि स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशनची टक्केवारी हे रकाने अवश्य बघा.

आपल्याकडचं सगळ्यात मोलाचं काम अशा मोजणीत बसतच नाही, याची मला खंत वाटते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८०च्या दशकात एनएचएच-४४ हा संकरित कापूस आला. शेतकऱ्यांनी त्याचं 'नांदेड-४४' केलं आणि कोरडवाहू रानात वर्षानुवर्षं पेरलं. बीटीच्या लाटेत ते मागे पडलं, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने महाबीजला सोबत घेऊन त्याचंच बीटी वाण आणलं. बियाण्याची पिशवी घेणारा शेतकरी सायटेशन देत नाही. नांदेडच्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर घ्या. 'श्रीमान योगी' कादंबरीला प्रस्तावना म्हणून छापलेलं त्यांचं पत्र शिवचरित्राच्या चर्चेत आजही पुढे येतं. स्कोपसच्या हिशेबी त्याचं मोल शून्य.

आकड्यांचा हट्ट धरला की खोट्याचा बाजार उभा राहतो, हेही आपण पाहिलं. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली. त्यातली ८८ टक्के निकृष्ट असू शकतात, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं वगळली. नंतर आलेली यूजीसीची 'केअर' ही नियतकालिकांची यादीही २०२५मध्ये बंद झाली. चांगलं नियतकालिक ओळखायची जबाबदारी आता विद्यापीठं, महाविद्यालयं आणि गाईडवर आहे.

म्हणून मुलीला सांगा : मॅडमचे शेवटचे दोन निबंध वाच. ते कुठे छापले, कुणी आणि कशासाठी संदर्भाला घेतले ते बघ. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेट, मॅडम किती वेळ देतात, मसुदा ओळ न् ओळ तपासतात का, ते विचार. उत्तरं समाधानाची आली, तर त्याच मॅडमकडे काम चालू ठेवावं.