घराला तडा गेला तर जबाबदारी कोणाची?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुका हा दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा प्रदेश होय. या खडकाची झीज होऊन तयार झालेली काळी माती कपाशीला आणि तुरीला मानवते. घराच्या पायाला मात्र ती मानवत नाही. पावसाळ्यात पाणी शोषून ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. पाया या थरातच थांबला असेल, तर दरवर्षी जमिनीबरोबर भिंतीही थोड्याथोड्या वरखाली होतात आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकस तडा सुरू होतो. जुन्या मातीच्या घरात असा तडा शेणामातीने लिंपून घेतला की काम भागत असे. विटा-सिमेंटच्या घरात ते भागत नाही. बीबीसारख्या गावात आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेल्या घराला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तडा गेला, की पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : याची भरपाई कोणाकडे मागावयाची?

परदेशांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा कागदावर तयार असते. ब्रिटनमध्ये नव्या घरांना सामान्यतः दहा वर्षांची हमी असते. त्यांपैकी पहिली दोन वर्षे दोष दुरुस्त करण्याचा भार बांधणाऱ्यावर, आणि पुढील काळात बांधकामातील मोठ्या दोषांसाठी विम्याचे संरक्षण. फ्रान्समध्ये बांधणाऱ्याची दहा वर्षांची जबाबदारी कायद्यानेच ठरविलेली आहे. अमेरिकेत घरमालक वार्षिक वर्गणी भरून घरातील नळ, वीज व उपकरणे यांच्या दुरुस्तीची हमी विकत घेतात. तेथील घरमालकांची नेहमीची तक्रार अशी की, दावा केल्यावर 'दोष पूर्वीपासूनचा होता' किंवा 'निगा राखली नाही' असे कारण देऊन तो नाकारला जातो. हमीपत्रातील सवलतीपेक्षा अपवादांचे कलम आधी वाचावे, हे तेथेही अनुभवाने शिकावे लागले आहे.

शहरातील सदनिका आणि गावातील घर

आपल्याकडे स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १४ मधील तरतूद महत्त्वाची आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत किंवा सोयींत दोष आढळून तो निदर्शनास आणून दिल्यास, प्रवर्तकाने तीस दिवसांत कोणताही जादा आकार न घेता तो दूर केला पाहिजे. न केल्यास ग्राहकाला नुकसानभरपाई मिळू शकते. महाराष्ट्रात या कायद्याखालील प्राधिकरण, म्हणजेच महारेरा, २०१७ पासून काम करीत आहे. तथापि पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक नसलेल्या जमिनीवरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिका नसलेल्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. शिवाय स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी बांधलेले घर हा मुळी प्रकल्पच नव्हे. म्हणजे बीबीतील बहुतेक घरे या छत्राबाहेरच राहतात.

याचा अर्थ गावातील घरमालक निराधार आहे, असा नव्हे. ग्राहक संरक्षण कायद्यातील 'सेवा' या संज्ञेत १९९३ च्या दुरुस्तीने घरबांधणीचा समावेश झाला आणि २०१९ च्या नव्या अधिनियमातही तो कायम आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच असा निर्वाळा दिला की, मोबदला घेऊन घरे बांधून देणारी सार्वजनिक संस्थादेखील ग्राहकाला उत्तरदायी आहे. आपली जमीन विकसकाला देऊन बांधकामात वाटा घेणारा जमीनमालकही ग्राहक ठरू शकतो, हे २००८ च्या फकीरचंद गुलाटी प्रकरणातील निर्णयाने स्पष्ट झाले.

येथे एक भेद नीट समजून घ्यावयास हवा, कारण गावातील पुष्कळसे दावे त्यावर अडतात. गवंडी व मजूर रोजंदारीवर लावले, साहित्य मालकाने आणले आणि काम मालकाच्या सांगण्याप्रमाणे झाले, तर तो संबंध व्यक्तिगत चाकरीचा मानला जाण्याचा संभव असतो आणि अशी चाकरी ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. तेच काम उक्ते दिले, म्हणजे अमुक चौरस फुटांचे घर अमुक रकमेत मिस्त्रीने पूर्ण करून द्यावे असे ठरले, तर मिस्त्री सेवा पुरवीत असतो आणि कामातील उणिवेबद्दल त्याला जाब विचारता येतो. काम उक्ते दिले होते हे सिद्ध करावयास मात्र कागद लागतो, आणि कागद नेमका तेथेच नसतो. व्यवहार तोंडी, पैसे रोख, आणि फार तर वहीच्या पानावर लिहिलेले आकडे! नातेसंबंधातील किंवा गावातीलच मिस्त्रीकडे लेखी करार मागणे आपल्या लोकांना अवघड वाटते. हा संकोच समजण्यासारखा असला, तरी तो महाग पडतो.

घरकुलाची गोष्ट थोडी निराळी आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ही २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लाभार्थ्याने घर स्वतः बांधावयाचे असून त्यासाठी ठेकेदार नेमता येत नाही. किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर आहे. अनुदान हप्त्याहप्त्याने, कामाची छायाचित्रे घेतल्यानंतर खात्यात जमा होते. लाभार्थी येथे मोबदला देत नाही, म्हणून तडा गेल्यास पंचायतीकडे किंवा शासनाकडे ग्राहक या नात्याने दावा लावता येत नाही. तांत्रिक तपासणी हीच त्याची खरी हमी होय. तेव्हा जोत्याच्या टप्प्यावरील पाहणी केवळ छायाचित्रापुरती उरकली जाऊ नये. पाया मुरमापर्यंत गेला की काळ्या मातीतच थांबला, हे खड्डा उघडा असतानाच पाहिले पाहिजे.

'जमीनच काळी आहे'

मिस्त्रीकडे तक्रार नेली की बहुधा हे उत्तर मिळते. उत्तर खरे आहे, पण ते पुरेसे नाही. जमीन काळी आहे हे करार होण्यापूर्वीही सर्वांस ठाऊक होते आणि तिच्यावर उपायही ज्ञात आहेत. काळा थर उथळ असेल तर तो ओलांडून कठीण मुरमावर पाया घ्यावा, जोत्याला सलग काँक्रीटची तुळई द्यावी, घराभोवती उताराची फरसबंदी करून पाणी पायाशी मुरू देऊ नये. थर खोल असल्यास तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरविण्याची पद्धत भारतीय मानकांत दिलेली आहे. हे उपाय न योजता काम केले, तर दोष जमिनीचा नसून कामाचा ठरतो. उलट, खर्च वाचविण्यासाठी मालकानेच पाया उथळ ठेवण्याचा आग्रह धरला असेल, तर त्याचा दावा तेवढ्या प्रमाणात लंगडा पडतो.

विम्याबाबतही असाच गैरसमज आढळतो. भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, जमीन खचणे अशा आपत्तींपासून ती घराला संरक्षण देते. परंतु नव्या बांधकामाचे स्वाभाविक बसणे व त्यामुळे पडणाऱ्या भेगा, भराव टाकलेल्या जमिनीची हालचाल, तसेच सदोष आराखडा, कारागिरी किंवा साहित्य यांमुळे होणारे नुकसान तिने वगळले आहे. विमा हा आपत्तीसाठी असतो, मिस्त्रीच्या चुकीसाठी नव्हे. गृहकर्जाबरोबर घेतलेली पॉलिसी पुष्कळदा कपाटातून बाहेरच येत नाही. ती एकदा शाळेतील गुरुजींकडून का होईना, वाचून घ्यावी. छताच्या जलरोधक लेपाचे हमीपत्रही असेच तपासावे. अनेकदा त्यात केवळ साहित्य बदलून देण्याचे वचन असते. मजुरी मालकालाच भरावी लागते आणि पक्के बिल नसल्यास तेही वचन निरुपयोगी ठरते.

दावा कसा मांडावा

तडा दिसताच तो गिलाव्याने बुजविण्याची घाई होते. त्याने पुरावाच बुजतो. प्रथम छायाचित्रे घ्यावीत आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना टेकेल अशी काचेची पातळ पट्टी सिमेंटने बसवून शेजारी तारीख लिहावी. पट्टी काही आठवड्यांत फुटली तर भिंत अद्याप हलत आहे. अशा वेळी वरवरची दुरुस्ती म्हणजे पैशाचा अपव्यय. त्यानंतर मिस्त्रीला किंवा विक्रेत्याला लेखी कळवून पोच घ्यावी आणि शक्य झाल्यास अभियंत्याचा अहवाल मिळवावा. 'येतो, पाहतो, पावसाळ्यानंतर करतो' या आश्वासनांवर वर्षे जातात, आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तर वादाचे कारण घडल्यापासून दोनच वर्षांची आहे.

जिल्हा आयोग बुलढाणा येथे आहे. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असल्यास तक्रार तेथे चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे कंपनी मुंबईची असली तरी बीबीच्या माणसाला मुंबई गाठावी लागत नाही. निकाल तीन ते पाच महिन्यांत लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक काळ जातो, हे तक्रारदाराने गृहीत धरावे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्ला घेतल्यास काही वाद तेथेच मिटतात.

ग्रामपंचायत सदस्यांना या विषयात करण्यासारखे एक काम आहे. शाळेची खोली किंवा गावचा रस्ता करताना शासन ठेकेदाराची सुरक्षा ठेव राखून ठेवते आणि दोषदायित्वाचा कालावधी संपल्यावरच ती मोकळी करते. घरमालक मात्र स्लॅब पडताच शेवटचा रुपयाही देऊन मोकळा होतो. हीच पद्धत घरगुती कामाला लावणारा एका पानाचा साधा करारनामा पंचायतीच्या कार्यालयात ठेवता येईल. त्यात पायाची खोली, सिमेंट व सळईचा प्रकार, हप्ते, आणि एक पावसाळा व एक उन्हाळा उलटेपर्यंत राखून ठेवावयाची रक्कम एवढे असले, तरी पुरे. बांधकामाची परवानगी मागावयास येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याची एक प्रत दिल्यास मालकाला संकोच उरणार नाही. कागद मागणारा तो एकटा नसेल, आणि चांगल्या मिस्त्रीलाही आपल्या राहिलेल्या पैशाची लेखी शाश्वती मिळेल.