दुरुस्तीचा खर्च आणि ग्राहकाचा हक्क

एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप बंद पडला. दुकानदाराने तोंडी ८०० रुपये खर्च सांगितला. परत घेताना मात्र २,५०० रुपये मागितले. तिला न विचारताच एक भाग बदलला होता. बिलही मिळाले नाही. लेखी काहीच नसल्याने तिची बाजू लंगडी पडली.

स्वतःच्या उपयोगासाठी मोबदला देऊन सेवा घेणारी व्यक्ती कायद्याने ग्राहक ठरते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार सेवेचा दर्जा व किंमत जाणून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. दिलेल्या सेवेचे बिल नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय.

म्हणून वस्तू दुरुस्तीस देतानाच अंदाजे खर्च लेखी घ्यावा. ‘संमतीशिवाय जादा काम करू नये’ अशी नोंद पावतीवर करून घ्यावी आणि काढलेला जुना भाग मागावा. तरीही वाद उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही. वकीलही अनिवार्य नसतो.

विचार करा : विद्यार्थिनीने कोणती काळजी घ्यायला हवी होती?