चार की पाच? : बातम्यांतून इंग्रजी शब्द



१० सप्टेंबर २०२५ च्या रात्री आमच्या ओळखीच्या एका मावशींचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज कापरा. "अगं बाई, टीव्ही बघितलास का? पोलंडनं नाटोचं कलम लावलं म्हणे. म्हणजे लढाई सुरूच झाली ना? खिडक्यांना काळे कागद आणून ठेवू का?"

१९७१ साली मुंबईत ब्लॅकआउटच्या वेळी त्यांनी काचांना काळे कागद चिकटवले होते. मी तेव्हा शाळेत होते, मलाही ते भोंगे आठवतात. त्यामुळे हसू आले नाही. मी एवढेच विचारले, "मावशी, कलम कितवं म्हणाले? चार की पाच?"

"ते कोण ऐकतंय गं! आर्टिकल, आर्टिकल चाललंय नुसतं."

कलम चौथे होते. त्या एका आकड्यावर मावशींची रात्रीची झोप अवलंबून होती, म्हणून हा पाठ लिहायला घेतला.

आम्ही राहतो ते कैझर्सलाउटर्न हे जर्मनीतले गाव. जवळच रामश्टाइनचा अमेरिकन विमानतळ. नाटोच्या हवाई दलाचे मुख्यालयही तेथेच आहे. या परिसरात सुमारे पन्नास हजार अमेरिकन माणसे राहतात, त्यामुळे दुकानात, बसथांब्यावर इंग्रजी कानावर पडतेच. आमच्या वयाच्या मंडळींना जर्मन उशिरा भेटली आणि तिच्या विभक्त्यांनी दमवले. इंग्रजी मात्र पाचवीपासूनची, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेली. म्हणून दर रविवारी चारपाच जण आमच्याकडे जमतो आणि डॉयचे वेलेच्या इंग्रजी बातम्या शब्द तोडून तोडून वाचतो.

आता शब्दांकडे वळू. नाटोमधला 'टी' म्हणजे ट्रीटी, अर्थात तह. आर्टिकल म्हणजे त्या तहातले कलम. व्याकरणातले 'ए', 'ॲन', 'द' नव्हेत की वर्तमानपत्रातला लेखही नव्हे. हा तह ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला आणि त्यात चौदा कलमे आहेत. पश्चिम जर्मनी त्यात ६ मे १९५५ ला आली. लगेच १४ मे रोजी सोव्हिएट गटाने वॉर्सा पॅक्ट केला आणि पूर्व जर्मनी तिकडे गेली. पॅक्ट म्हणजेही करारच.

अशा राष्ट्रांच्या जुटीला अलायन्स म्हणतात. आपल्याला हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात भेटला आहे, फक्त ओळखला नाही. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह आठवा. दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची किमान सहा हजार पायदळाची फौज पदरी बाळगायची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणी करायची नाहीत. आपण याला तैनाती फौज म्हणतो, इंग्रजी पुस्तकात मात्र ती सब्सिडिअरी अलायन्स. सब्सिडिअरी म्हणजे दुय्यम, दुसऱ्याला जोडून असलेले. १८१८ मध्ये पेशवाई संपली. तेव्हा अलायन्स शब्द वाचला की आधी विचारावे, यात निर्णय कोणाचा? नाटोत निर्णय कन्सेन्ससने होतात, म्हणजे मतदान न घेता, सर्वांच्या संमतीने. सेन्सस म्हणजे जनगणना. तिचा येथे संबंध नाही. कन्सेन्ससमुळेच फिनलंड ४ एप्रिल २०२३ ला आत आला आणि त्याच्याबरोबर अर्ज केलेल्या स्वीडनला ७ मार्च २०२४ पर्यंत थांबावे लागले. तुर्कस्तान आणि हंगेरीची संमती मिळता मिळत नव्हती. आज सभासद बत्तीस आहेत.

अलायन्समधला सोबती तो ॲलाय. आमच्या वर्गात निम्मे जण 'ॲली' म्हणत. ॲली म्हणजे गल्ली! दुसऱ्या महायुद्धात मराठी वर्तमानपत्रे ज्यांना 'दोस्त राष्ट्रे' म्हणत, ते हेच ॲलाइज. इस्राएलमधल्या वाचकांसाठी एक सूचना. १९८७ पासून अमेरिका इस्राएलला 'मेजर नॉन-नाटो ॲलाय' म्हणते. त्यातला 'नॉन' सोडून वाचू नये. तो अमेरिकेने दिलेला दर्जा आहे, नाटोचे सभासदत्व नव्हे. पाचवे कलम इस्राएलला लागू नाही.

आता पुन्हा मावशींच्या फोनकडे. त्या रात्री बातमीत तीन शब्द होते: व्हायोलेशन, इन्कर्शन, कन्सल्ट. व्हायोलेशन म्हणजे भंग, येथे हवाई हद्दीचा. इन्कर्शन म्हणजे घुसखोरी, शिरकाव. रशियाचे ड्रोन पोलंडमध्ये शिरले होते, त्यासाठी हा शब्द होता. इन्व्हेजन म्हणजे स्वारी, तो शब्द बातमीत नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर झाली ती इन्व्हेजन. कन्सल्ट म्हणजे विचारविनिमय करणे, जसे आपण डॉक्टरांना कन्सल्ट करतो. चौथे कलम एवढेच सांगते की कोणाही सभासदाला आपली सुरक्षितता किंवा टेरिटोरिअल इंटेग्रिटी धोक्यात आहे असे वाटले, तर सर्वांनी बसून बोलावे. शाळेत आपण इंटेग्रिटी म्हणजे सचोटी असे शिकलो. येथे तिचा अर्थ अखंडत्व. हे चौथे कलम अनेकदा वापरले गेले आहे. पोलंडमागोमाग त्याच महिन्यात एस्टोनियानेही ते वापरले.

पाचवे कलम वेगळे. एकावर सशस्त्र हल्ला झाला तर तो सर्वांवरचा मानला जाईल, असे ते म्हणते. इंग्रजीत तेथे 'शॅल' आहे. तर्खडकर आठवणाऱ्यांना सांगायला नको की तृतीय पुरुषी कर्त्यापुढचे शॅल म्हणजे साधा भविष्यकाळ नव्हे, बंधन आहे. पण पुढेच एक छोटे क्रियापद बसले आहे: डीम. प्रत्येक राष्ट्राने स्वतःला जी कृती आवश्यक 'वाटेल' ती करावी, त्यात शस्त्रबळही आले. म्हणजे मदत करणे बंधनकारक, पण कोणती मदत हे ज्याचे त्याने ठरवायचे. रणगाडे पाठवावेत की औषधे, हे कलम सांगत नाही. माझ्या मते सबंध तहात या शब्दाइतका जपून वाचण्याजोगा दुसरा शब्द नाही.

हे कलम आजवर एकदाच इन्व्होक झाले. इन्व्होक म्हणजे आवाहन करणे. पूजेत देवतेचे करतात, कायद्यात कलमाचे. अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबर २००१ ला ते झाले. मग जर्मनीतल्या गाइलेनकिर्शेन तळावरची नाटोची टेहळणी विमाने अमेरिकेच्या आकाशात पहारा करायला गेली. युरोपने अमेरिकेचे रक्षण करावे, असे १९४९ साली कोणाच्या मनातही नसेल.

डिटरन्स हा शब्द रोजच भेटतो. त्याच्या पोटात टेररचे तेच लॅटिन मूळ आहे. जर्मनीत अब्श्रेकुंग, त्यातही श्रेक म्हणजे भीती. मराठीत मला 'जरब' हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो, 'प्रतिरोधन' वगैरे नको.

मावशींची खरी भीती मात्र निराळी होती. त्यांचा नातू २००८ चा, इथेच जन्मलेला, जर्मन नागरिक. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने लष्करी सेवेच्या 'ड्राफ्ट लॉ'ला मंजुरी दिली, हे वाचून त्यांनी ड्राफ्ट म्हणजे सक्तीची भरती असा अर्थ घेतला होता. तो अर्थ आहेच, पण तेथे ड्राफ्ट म्हणजे कायद्याचा मसुदा. कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. २००८ किंवा नंतर जन्मलेल्या तरुणांना अठराव्या वर्षी प्रश्नावली भरणे मँडेटरी, म्हणजे सक्तीचे. सेवा मात्र व्हॉलंटरी, ऐच्छिक. स्वयंसेवक पुरेसे मिळाले नाहीत तर संसद वेगळा कायदा करून सक्ती आणू शकते, हेही मी वर्गात वाचून दाखवले. लपवून काय उपयोग?

नातवाला पत्र आले तेव्हा मावशी ते घेऊनच रविवारी आल्या. सोबत एक इंग्रजी कात्रण होते. त्यात जुन्या सक्तीच्या भरतीविषयी लिहिले होते: २०११ मध्ये सस्पेंडेड. त्या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती.

"सस्पेंडेड म्हणजे थांबवलेलं ना गं? मोडीत काढलेलं नाही."

"बरोबर, मावशी. मोडीत काढणं म्हणजे ॲबॉलिश."

"तो शब्द यात कुठे आहे का?"

आम्ही दोघींनी कात्रण पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले. तो शब्द नव्हता.