जलाशयावरील विमान आणि जीपीएसचा भरवसा

प्रश्न : माझ्या मुलाने फ्लोट बसवलेले रेडिओ-नियंत्रित विमान तयार केले आहे. संपर्क तुटला तरी जीपीएसमुळे ते आपोआप परत येईल, असे तो म्हणतो. फुटाळा तलावावर उडवू द्यावे काय? — एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा उद्योग कौतुकास्पद आहे, काळजी नसावी. परंतु जीपीएस विमानास त्याचे स्थान सांगते, वाटेतले झाड वा वीजवाहक तार दाखवीत नाही. आणि संपर्क तुटून परतलेले विमान बहुधा प्रस्थानबिंदूवर घिरट्या घालीत राहते, त्यास पाण्यावर अलगद उतरविणे हे अखेर चालकाच्याच हातचे काम होय. म्हणून उपग्रहांचा संकेत स्थिरावून प्रस्थानबिंदूची नोंद झाल्यावाचून विमान सोडू नये.

फुटाळा मात्र वर्ज्य समजावा, कारण २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरांच्या आत परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही आणि हा तलाव त्याच टप्प्यात येतो, शिवाय वायुदलाचे वायुसेनानगरही तलावापासून जवळच आहे. अंबाझरीचीही तीच गत. गावाबाहेरचा निर्जन जलाशय निवडून, ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशावर तो हरित, म्हणजे उड्डाणास पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात असल्याची खातरजमा करून आणि संबंधित खात्याची इजाजत घेऊन, ४०० फुटांखाली, नजरेच्या टप्प्यात, वाऱ्याच्या सामोरे उड्डाण करावे. पाण्यात बुडालेल्या रिसीव्हरला संकेत पोहोचत नाही, तेव्हा तो जलरोधक वेष्टनात उंचावर बसवावा. विमान मध्यभागी बंद पडल्यास मुलाला पोहत धाडू नये. नाव आणि जीवरक्षक जाकीट आधीच काठावर तयार असावे.