ढालकिडा : बागेचा चिमुकला राखणदार

(निसर्ग-निरीक्षणाचा पाठ)

प्रास्ताविक : जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या आश्रयाने बागाईत वाढली आहे. नारायणगावकडे द्राक्षे व टोमॅटो, मंचरकडे कांदा व बटाटा. पिकावर किडा दिसला की औषध फवारावे, एवढेच पुष्कळ मुलांनी घरी पाहिलेले असते. किड्यांतही शेतकऱ्याचे मित्र असतात, हे मुलांस प्रत्यक्ष दाखविणे हा या पाठाचा हेतू होय.

साहित्य : शाळेच्या बागेतील मावा पडलेले वाल, कोबी किंवा मोहरीचे झाड, काचेची बरणी, पातळ फडके, भिंग. औषध फवारलेल्या झाडास मुलांनी हात लावू नये.

विवेचन : शिवनेरीच्या परिसरातील मुलास ढाल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. या किड्याची पाठ ढालीसारखी फुगीर व गुळगुळीत असते. एका जातीच्या तांबड्या पाठीवर सात काळे ठिपके असतात. दुसरीच्या पिवळसर पाठीवर काळ्या नागमोडी रेषा असतात. ही ढाल म्हणजे वरचे दोन कठीण पंख. उडण्याचे पातळ पंख त्यांखाली घडी घालून ठेवलेले असतात. किड्यास डिवचले असता तो पाय आखडून निपचित पडतो व सांध्यांतून कडू, पिवळा रस सोडतो. म्हणून पक्षी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत.

मादी माव्याच्या वस्तीजवळ पिवळी, उभी अंडी पुंजक्याने घालते. तीन ते पाच दिवसांत अळ्या बाहेर येतात. अळी काळसर, लांबट, सहा पायांची व नारिंगी ठिपक्यांची असते. आईबापांशी तिचे काहीच साम्य नसल्यामुळे, हीच कीड असे समजून माणसे तिला चिरडतात. वास्तविक वाढीच्या सुमारे दोन आठवड्यांत ती शेकडो मावा फस्त करते. पुढे ती पानास चिकटून कोष करते. कोषातून निघालेला किडा प्रथम फिकट व बिनठिपक्यांचा असतो. काही तासांनी ठिपके उमटतात.

द्राक्षावरील पिठ्या ढेकूण खाणारा काळसर, नारिंगी डोक्याचा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. आज तो मुद्दाम द्राक्षबागांत सोडतात. त्याच्या अळीवर पांढरे मेणाचे तंतू असल्यामुळे ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते व अजाणतेपणी मारली जाते. परदेशातही असेच घडले : १८८८–८९ साली कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा एका खवलेकिडीने उद्ध्वस्त होऊ लागल्या, त्या ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या ढालकिड्यांनी वाचविल्या.

सावधगिरी : याच कुळातील अठ्ठावीस ठिपक्यांचा किडा मात्र शत्रू आहे. तो वांगी व बटाट्याच्या पानांतील हिरवा भाग खरवडून खातो व पानाची जाळी करतो. त्याची पाठ बारीक लवेमुळे निस्तेज दिसते. अळी पिवळी व काटेरी असते. म्हणून किड्याची परीक्षा रंगावरून नव्हे, तो काय खातो यावरून करावी, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.

कृती : मावा असलेली डहाळी व एक अळी बरणीत ठेवून तोंडास फडके बांधावे. मावा रोज मोजून मुलांनी वहीत नोंद करावी व डहाळी बदलावी. किडा बाहेर पडताच तो बागेत सोडून द्यावा.

प्रश्न : (१) ढालकिड्याची अळी कशी ओळखाल? (२) दोन्ही प्रकारच्या किड्यांत फरक कोणता? (३) सरसकट औषध फवारल्यास माव्याबरोबर आणखी कोण मरते? मावा पुन्हा वाढला, तर त्यास कोण आवरील?

समारोप : तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी सांगू नये, मुलांस शोधू द्यावे. बोटाच्या टोकावर चढून उडून गेलेला ठिपक्यांचा किडा मूल सहसा विसरत नाही. ती आवड जन्मभर टिकते आणि उद्या हेच मूल शेतकरी झाले म्हणजे, फवारा हाती घेण्यापूर्वी पान उलटून पाहते. पाठाचे सार्थक त्यातच आहे.